भाताच्या पुड्याची घडी

आमच्या एमाच्या, म्हणजे आईच्या, हातचा भाताचा पुडा अख्ख्या चहामळ्यात कुणीही डोळे मिटून ओळखेल. बाकीच्या बायका कागद गुंडाळतात आणि वरून रबर चढवतात. आमची आई रबराला हात लावत नाही. तपकिरी कागदाच्या मधोमध भात, त्यावर मिरचीचं वाटण, कडेला तळलेली सुकी मासळी. मग दोन्ही बाजू आत, वरची बाजू खाली, आणि शेवटचा कोपरा असा खोचायचा की बाहेर फक्त एक छोटं शेपूट राहतं. ते ओढलं की पुडा एका झटक्यात उघडतो. उतारावर एका हाताने टोपली सावरत जेवणाऱ्या बाईला हीच घडी सोयीची. मी दुसरीत असल्यापासून शाळेआधी एमाबरोबर फाट्यावर विकायचे हे पुडे बांधते आहे. आता माझे हात ते आपलेआपण करतात, मला विचारतसुद्धा नाहीत.

आणि मतदानाच्या दिवशी नेमकं तेच मला नडलं.

यंदा मला सतरा वर्षं पूर्ण झाली. सतराव्या वर्षी आमच्याकडे मत देता येतं, मग तुम्ही शाळेत असा नाहीतर मळ्यात. मत द्यायचं म्हणजे पत्रिकेवरच्या उमेदवाराच्या चित्राला खिळ्याने भोक पाडायचं. त्याच वर्षी मी जिल्ह्याच्या भाषण स्पर्धेत पहिली आले. त्याआधी मी वर्गात ‘हजर’ म्हणायचे तेही फक्त माझ्या बाकाला ऐकू जायचं. आता माझं तोंड बंद करायला वेगळा माणूस ठेवावा लागेल, असं एमा म्हणते. शेजारची बिबी ओमोह म्हणते की लग्नात ध्वनिक्षेपक भाड्याने आणायची गरज नाही, चेऊ एन्तिनची विविन आहेच. चेऊ एन्तिन म्हणजे माझी एमा, आणि विविन म्हणजे मी. बाबा शहरात इमारतींच्या कामावर असतात, ईदला येतात.

त्या दिवसांत जिथे जावं तिथे एकच विषय. खुर्चीवर बसलेल्या राष्ट्रपतींना लोक पुन्हा निवडून देणार की नाही? कारखान्यात पानं सुकवणारे अर्धे लोक म्हणायचे, डोंगरावर रस्ता कुणी आणला? दवाखान्यात औषध कुणाच्या काळात मिळायला लागलं? उरलेले अर्धे काहीच म्हणायचे नाहीत, आणि ते न म्हणणं हेच त्यांचं म्हणणं होतं. कारण राष्ट्रपती टीव्हीवर म्हणाले होते, जो माझ्याबरोबर नाही तो या घरचा नाही. हसत म्हणाले होते. पण ते ऐकून आमच्या शाळेतल्या निंगरुम बाईंनी आम्हाला निबंधाला विषय दिला: घर कुणाचं, जो राहतो त्याचं की ज्याच्याकडे किल्ली असते त्याचं? मी चार पानं लिहिली. आठवड्याच्या आत बाईंची बदली झाली, दोन बोटी बदलून जावं लागतं अशा एका बेटावर. बाईंनी कुणाचा निरोपही घेतला नाही. माझा निबंध तपासून परत आलाच नाही.

एमाचं मात्र मत कधीच ठरलेलं होतं. मागच्या निवडणुकीच्या वेळी प्रचाराला आले असताना राष्ट्रपतींनी आमच्या फाट्यावर गाडी थांबवून तिच्या हातचा भात खाल्ला होता. चमचा नाकारला, हाताने खाल्ला, शेपूट कसं ओढायचं ते तिला विचारलं. ही गोष्ट एमा अजून सांगते आणि दर वेळी त्यात मिरची थोडी वाढते. पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आता ते रडले असं सांगते.

मतदानाच्या आदल्या दिवशी मुकादमाने सगळ्यांना वजनकाट्यापाशी बोलावलं. मुकादम म्हणजे पा दार्सा, पिवळी पडलेली पांढरी टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमच्या ओळीतली सगळी घरं मळ्याची. एमासारख्या खुडणाऱ्या बायकांना ती कामाबरोबर मिळतात आणि कामाबरोबरच जातात. पा दार्सा कधी ओरडत नाही. ओरडला असता तर मला कमी भीती वाटली असती.

“या ओळीची पेटी मला अख्खी हवी,” तो म्हणाला. “सगळी भोकं एक नंबरवर, राष्ट्रपतींवर. मी वरती शब्द दिलाय. एखादं भोक भलतीकडे दिसलं, तर ते कुणाचं हे मी शोधेन, आणि रोज्यांचा महिना लागायच्या आत ते घर रिकामं होईल. दादीचं घर आठवतंय ना?”

आठवत होतं. मागच्या वर्षी कांग दादी नावाच्या कामगाराने मजुरीवरून वाद घातला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं घर रस्त्यावर होतं. कपाट, पाण्याची पिंपं आणि पलंग. त्या पलंगावर त्याच्या दोन्ही मुली मच्छरदाणी लावून बसल्या होत्या, भर रस्त्यात, कारण दुसरीकडे कुठे बसावं हे त्यांना कळत नव्हतं. पानांचे ट्रक पलंगाला वळसा घालून जात होते.

परतताना एमा म्हणाली, आपल्याला काय भीती, आपण त्यांनाच देणार. मी मान हलवली. खरं सांगते, तेव्हा माझाही तोच विचार होता.

मतदान केंद्र दर वेळेसारखं बॅडमिंटनच्या मैदानावर होतं. यंदा मंडळींना हौस आली होती, म्हणून ते लग्नमांडवासारखं सजवलं होतं. केळीचे खांब, नारळाच्या कोवळ्या पानांच्या झालरी, आणि आमचे मुख्याध्यापक पा ओमान केंद्रप्रमुख म्हणून नवरदेवाचं पागोटं घालून बसलेले. माझी मैत्रीण यूयून त्यांना म्हणाली, सर, नवरी कुठाय? ते म्हणाले, पेटीत आहे, दुपारी उघडू. सगळे हसले. मांडवाच्या कडेला दोन खुर्च्या होत्या, दोन्ही उमेदवारांच्या साक्षीदारांसाठी. एक नंबरच्या खुर्चीत पा दार्सा मांडीवर किल्ल्या ठेवून बसला होता. दोन नंबरची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी चहाचा पेला ठेवला होता.

माझं नाव पुकारलं. मतपत्रिका घेऊन मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. आत स्पंजचा तुकडा आणि दोरीला बांधलेला खिळा. खिळा माझ्या आधीच्या हातांनी कोमट झाला होता. मी कागद पूर्ण उघडला. एक नंबरवर राष्ट्रपती हसत होते, टीव्हीवर हसले होते तसेच. मी खिळा त्यांच्यावर धरला. खरंच धरला. आणि मला वाटलं की मी निबंधाचं शेवटचं वाक्य खोडते आहे, बाईंनी अजून वाचलं नाही तोवरच. खिळा सरकला. टक्. दोन नंबरवर. एवढासा आवाज, पण मला वाटलं मांडवातल्या सगळ्यांना ऐकू गेला.

डोक्यात फक्त कांग दादीचा पलंग. डोकं असं रिकामं झालं की हात आपलं काम करतात. मी बाहेर आले तेव्हा हातात मतपत्रिका होती, पेटीशी गेले, फटीत घातली, आणि ती जाईना.

पेटीपाशी पानांच्या ट्रकचा ड्रायव्हर मांग उजू, म्हणजे उजूकाका, बसला होता. त्याने वाकून पाहिलं.

“काय गं नेंग,” आमच्याकडे पोरींना म्हणतात तसं तो म्हणाला, “आत मासळी घातलीस की नुसता भात?”

मी खाली पाहिलं. फटीत अडकला होता तो चक्क भाताचा पुडा. दोन बाजू आत, वरची खाली, कोपरा खोचलेला, आणि शेपूट बाहेर. मांडव खदखदून हसला. पा दार्सासुद्धा हसला. मांग उजूने लाकडी पट्टीने पुडा आत ढकलला आणि तो खाली पडल्याचा आवाज आला.

तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते. मतमोजणी आमच्याकडे सगळ्यांसमोर होते. एकेक पत्रिका उघडून, उजेडासमोर धरून, भोक सगळ्यांना दाखवतात. मत गुप्त असतं, कारण सगळ्या पत्रिका सारख्या दिसतात. माझी सारखी नव्हती. तिच्यावर माझं नाव नव्हतं इतकंच.

रांगेत एमा उभी होती, माझ्यामागे चार-पाच जणींनंतर. तिने पेटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी हसायचा प्रयत्न केला. लहानपणी काही फोडलं की मी अशीच हसायचे. एमाचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं, पुडा माझा आहे हे तर कळलंच होतं, आत काय आहे तेही. मी जांभळ्या शाईत बोट बुडवलं आणि तिच्याजवळ गेले. तिने मला बोलू दिलं नाही. घरी जा, चूल बघ, एवढंच म्हणाली. मी मांडवाबाहेर पडताना मागे वळून पाहिलं तर ती पाठमोरी होऊन बिबी ओमोहशी काहीतरी बोलत होती, हातवारे करत. मला वाटलं, काहीतरी सारवासारव करतेय.

घरी चुलीत बघण्यासारखं काही नव्हतं. मी घरच बघत बसले. दारावर रंगवलेला ओळीचा क्रमांक. खांबावर माझ्या उंचीच्या खुणा, बाबांनी कोयत्याने केलेल्या. एमाचं पुडे बांधायचं बुटकं मेज, ज्याचा एक पाय मी दगड लावून टेकवलाय. हे सगळं रस्त्यावर कसं दिसेल? पलंग कुठे ठेवतील, आमच्या दाराशी की वळणावर? आणि मी कुठे बसेन? मी, जिल्ह्यात पहिली आलेली, मच्छरदाणी लावून? मनात भाषण रचायला लागले. पा दार्सा, घर हे जो राहतो त्याचं असतं. पुढचं वाक्य सुचेना. स्पर्धेत मागे टाळ्या असतात, इथे मागे कोंबड्या होत्या.

मतदान संपल्याची घंटा झाली तशी मी मैदानावर गेले. न जाणं जास्त वाईट होतं. सगळी ओळ जमली होती, लहान पोरं पुढे, म्हातारे खुर्च्यांवर. एमा खांबाला टेकून उभी होती. मी तिच्या शेजारी गेले तर तिने माझा जांभळा हात आपल्या हातात घेतला आणि पदराखाली धरला. बाकी माझ्याकडे पाहिलं नाही.

पा ओमान यांनी पागोटं नीट केलं, कुलूप उघडलं आणि पेटी मेजावर उलटी केली. पत्रिकांचा ढीग पडला. मी पुडा शोधत होते. ढिगात तो दिसला. मग त्याच्या शेजारी आणखी एक दिसला.

पहिल्या बऱ्याच पत्रिका सरळ घडीच्या होत्या. पा ओमान उघडायचे, उजेडासमोर धरायचे, ‘एक’ म्हणायचे आणि गर्दी म्हणायची ‘वैध’. मागे फळ्यावरच्या मोठ्या कागदावर पोरगा काड्या ओढत होता, चार उभ्या, पाचवी आडवी. मग त्यांच्या हाताला पुडा लागला. त्यांनी शेपूट धरून तो सगळ्यांना दाखवला आणि हशा पिकला. माझ्या हाताभोवतीची एमाची बोटं घट्ट झाली. त्यांनी शेपूट ओढलं.

“एक,” ते म्हणाले.

वैध, गर्दी म्हणाली. पा दार्सा खुशीत म्हणाला, चेऊ एन्तिन, राष्ट्रपतींना जेवण पाठवलंत वाटतं. एमा लाजल्यासारखी हसली. मला काही कळेना. माझा पुडा तर एक नंबरचा नव्हता. मग आणखी एक पुडा आला, जरा वाकडा, शेपूट भलत्याच बाजूला. तोही एक. मग अजून एक. आता हसणं कमी झालं आणि पा दार्साने खुर्ची पुढे ओढली.

यूयून गर्दीतून सरकत माझ्या कानाशी आली. तिला कुजबुजता येत नाही, पण त्या दिवशी आलं. तुझ्या एमाने रांगेत सगळ्यांना सांगितलं, ती म्हणाली, की पेटीची फट अरुंद आहे, सरळ घडी फाटते, माझ्यासारखी घाला. बिबी ओमोहने मागच्या बाईला शिकवलं, तिने तिच्या मागचीला, आणि मला शिकवलं त्या म्हातारीने तर शेपूट दोन्हीकडून काढलं. मग यूयूनने माझ्याकडे बघून विचारलं की फट खरंच अरुंद होती का.

सरळ घडीच्या पत्रिकेपेक्षा जाड पुडा अडकतो हे कुणालाही कळण्यासारखं होतं. तरी कुणी एमाला उलट विचारलं नव्हतं. खुडणाऱ्या बायका एकमेकींना फार विचारत नाहीत. एकीने पावलं बदलली की बाकीच्या बदलतात, साप असू शकतो.

पुढचा पुडा पा ओमान यांनी उघडला. कागद त्यांनी उजेडासमोर धरला. भोकातून सूर्याचा ठिपका त्यांच्या सदऱ्यावर पडला होता. मांडवात इतकी शांतता झाली की किल्ल्या वाजल्या ते ऐकू आलं. पा दार्सा उठून उभा राहिला होता.

पा ओमान यांच्या कपाळावर पागोट्याखालून घाम आला होता. निंगरुम बाईंच्या बदलीचा कागद त्यांच्याच मेजावर आला होता, हे मला त्या क्षणी आठवलं.

“दोन,” ते म्हणाले. अगदी हळू. मग विचारलं, “वैध?”

कुणी बोललं नाही. माझ्या घशात तो शब्द होता. जिल्ह्यात पहिली आलेल्या माझ्या घशात, आणि तो वर येईना. पा दार्साची नजर एकेका चेहऱ्यावरून सरकत आमच्या खांबाकडे येत होती. मला वाटलं आता मी पडणार, आणि पडले की सगळं कळणार.

“वैध,” एमा म्हणाली.

भाताची किंमत सांगावी तशी म्हणाली. मग बिबी ओमोह म्हणाली, मग मागून कुणीतरी, मग पोरं, ज्यांना ओरडायला कारणच लागतं. काडी ओढली गेली, दोनच्या खाली, एकटी.

ती फार वेळ एकटी राहिली नाही. थोड्या वेळाने सरळ घडीच्या एका पत्रिकेतून दोन निघाला. मग एका पुड्यातून. हे मी नव्हते, एवढं मला माहीत होतं. कोण होतं ते मला अजून माहीत नाही. शेवटी दोनच्या खाली एक पुरी जुडी आणि वर चार काड्या होत्या. एकच्या खाली तर काड्यांचं कुंपणच होतं. पा दार्साने त्या छोट्या जुडीकडे मात्र असं पाहिलं जसं तो पानांत सापडलेल्या दगडांकडे पाहतो.

तो एमासमोर येऊन उभा राहिला. “चेऊ एन्तिन, ही घडी तुमची.”

“माझीच,” एमा म्हणाली. “आणि मत मी त्यांनाच दिलं, अल्लाशपथ. त्यांनी माझ्या हातचं खाल्लंय, पा. पण यातला माझा पुडा कुठला, ते आता मलाही सांगता यायचं नाही.”

“आणि तुमच्या मुलीचा?”

“तिला विचारून काय उपयोग, ती तर दोन वाक्यांत उत्तरच देत नाही. तुम्हाला संध्याकाळ होईल.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पा दार्सा हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखी गप्प बसले. तो मोटारसायकलवर बसून मळ्याच्या साहेबांच्या वरच्या बंगल्याकडे निघून गेला.

घरी एमाने चूल पेटवली आणि माझ्याकडे पाठ करून बोलली. तू चुकलीस असं मला वाटतं, ती म्हणाली, त्यांनी रस्ता केलाय. मी म्हटलं, बाईंना बेटावर पाठवलं. ती म्हणाली, ते त्यांना माहीतही नसेल. मी म्हटलं, मग अजूनच वाईट. तिने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, आपण यावर भांडू, पण घर असताना भांडू. आणि पुढच्या वेळी कागदाची घडी बघून घाल, मूर्ख पोरी. मी तिला मागून मिठी मारली. तिची पाठ थरथरत होती. दुपारभर मला वाटत होतं की घाबरलेली मी एकटीच आहे.

कारखान्याच्या टीव्हीवर राष्ट्रपती थोड्या मतांनी पुढे होते. एमा ते ऐकून आनंदली आणि मग तिने दाराची कडी दोनदा तपासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फाट्यावर पुडे लावून बसलो होतो. मोटारसायकल आली. पा दार्सा कधी आमच्याकडून भात घेत नाही, त्याची बायको डबा देते. तो उतरला आणि मला म्हणाला, नेंग, एक बांधून दाखव.

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या हातांना विचारावं लागलं. दोन बाजू आत. वरची खाली. कोपरा. शेपूट. तो वाकून पाहत होता, त्याच्या किल्ल्या मेजाला लागत होत्या. मग त्याने भातासाठी रांगेत उभ्या असलेल्या बिबी ओमोहला बोटाने बोलावलं. तिलाही एक बांधायला लावला. बिबी ओमोहने बांधला, जरा वाकडा, भात एका कुशीला गेलेला, पण शेपूट ठसठशीत. तिच्या मागच्या बाईनेही न सांगता कागद उचलला, आणि तिच्या मागचीनेही.

पा दार्साने माझा पुडा आणि बिबीचा पुडा उचलला, दोन्ही जॅकेटच्या दोन खिशांत घातले, आणि वरच्या बंगल्याकडे गेला. ते त्याने खाल्ले, कुणाला दाखवले की अजून कुठे ठेवले आहेत, कुणास ठाऊक.

रोज्यांचा महिना अजून लागायचाय. वळणावर मोटारसायकलचा आवाज आला की माझे हात आपोआप थांबतात. एमा म्हणते, थांबू नकोस गं, भात निवतो.